खुर्ची जागेवर, माणूस आकाशात

तुमच्या कानात दगड आहेत. चाचपून पाहू नका, हाताला लागणार नाहीत. कानाच्या पडद्याच्याही पलीकडे, कवटीच्या अतिशय कठीण हाडात एक नाजूक पोकळी आहे, तिथे ते बसलेत. इतके बारीक, की त्यांची रांग लावली तर एका मिलिमीटरात शंभरेक मावतील. ते बनलेत कॅल्शियम कार्बोनेटचे. आपल्या लातूर-नांदेडकडच्या घरांत पायाखाली जी शहाबादी फरशी असते, तिचा मुख्य घटकही तोच!

जत्रेतल्या आकाशपाळण्यात पोटात गोळा येतो, मोबाइलवर गाडीचा गेम खेळताना पोरगं वळणावर अख्खं अंग वळवतं, खेळता खेळता एखाद्याला मळमळतं, या सगळ्याची गोष्ट या दगडांपासून सुरू होते. गेल्या शनिवार-रविवारी शिरूर अनंतपाळहून आम्ही घरची पोरंसोरं घेऊन खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कात गेलो होतो. तिथे भाच्याने मला जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर शोधत गेलो तर वाट थेट या दगडांपाशी येऊन थांबली. तो प्रश्न पुढे येईलच. आधी दगड काय करतात ते बघू.

प्रत्येक कानात या दगडांच्या दोन इवल्या पिशव्या आहेत. पिशवीत केसांसारखे तंतू असलेल्या पेशी, त्यांच्यावर एक लिबलिबीत थर, आणि त्या थरावर, बर्फीवर खसखस पेरावी तसे, हे दगड. एसटी झटक्याने सुटली की तुमचं डोकं गाडीबरोबर पुढे जातं, पण दगड पडले जड. ते क्षणभर मागे रेंगाळतात. त्यांच्याबरोबर थर मागे ओढला जातो, खालचे तंतू वाकतात आणि मेंदूला निरोप जातो: निघालो! ब्रेक लागला की सगळं उलट.

आता एक गंमत करा. बसल्या जागी डोकं मागे झुकवा. काय होईल? दगड उताराला लागतील, थर मागे ओढला जाईल, तंतू मागे वाकतील. म्हणजे निरोप तोच! गाडीने पुढे वेग घेतला काय आणि डोकं मागे कललं काय, दगडांच्या लेखी दोन्ही सारखंच.

हा कानाचा दोष समजायचा का? मुळीच नाही. निसर्गच या दोन गोष्टींत फरक करत नाही. १९०७ साली बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या आइनस्टाइनला सुचलं, की उंचावरून पडणाऱ्या माणसाला पडत असताना स्वतःचं वजन जाणवणारच नाही. आयुष्यातला सर्वांत आनंदाचा विचार, असं त्याने पुढे त्याचं वर्णन केलं. वेग वाढण्याचा जोर आणि गुरुत्वाचा जोर आतून ओळखता येत नाहीत, या एका कल्पनेतून सापेक्षतेचा व्यापक सिद्धांत उभा राहिला. आणि त्याच कल्पनेवर आज जगभरची थीम पार्कं पैसे कमावतायत.

हे अनुभवायला खोपोलीलाही जायला नको. महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत जा, किंवा मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाला. आकाशपाळणा माथ्यावरून खाली वळतो तेव्हा त्याच्याबरोबर तुम्हीही थोडे पडत असता. त्या क्षणी तुमचं जाणवणारं वजन खरोखर कमी होतं. पोटातले अवयव जे एरवी आपल्या भाराने खाली ओढलेले असतात, ते किंचित वर उचलले जातात. पोटात गोळा येतो म्हणतो, तो हाच. आइनस्टाइनचा पडणारा माणूस त्या पाळण्यात तुमच्याच शेजारी बसलेला असतो!

जत्रेत ‘ब्रेक डान्स’ही असतो. गरगर फिरवतो, थांबतो, आणि उतरल्यावर सगळी यात्रा आपल्याभोवती फिरायला लागते. पाळणा थांबला, मग फिरतंय कोण? कानातलं पाणी. दगडांच्या पिशव्यांशेजारी तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, एकमेकींना जवळपास काटकोनात. वर-खाली, डावी-उजवी आणि खांद्याकडे, अशा डोक्याच्या तिन्ही हालचालींवर त्यांचं लक्ष असतं. नळ्यांत द्रव भरलेला. तुम्ही बराच वेळ फिरलात की तो द्रवही फिरू लागतो, आणि तुम्ही थांबलात तरी तो लगेच थांबत नाही. डोळे सांगतात उभा आहेस, कान सांगतात फिरतोयस. भोवळ म्हणजे या दोन साक्षीदारांचं भांडण.

हे नळ्यांचं काम उलगडलं कसं, तीही कथाच आहे. व्हिएन्नातले डॉक्टर रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पाण्याने धुवायचे. पाणी गार असलं की रुग्णाला गरगरायचं आणि त्याचे डोळे एका बाजूला झटके घ्यायचे. पाणी जास्त गरम असलं तर झटके विरुद्ध बाजूला! बारानींनी ओळखलं, की गारव्याने आणि उष्णतेने आतला द्रव हलतो आणि माणूस जागचा न हलताही मेंदूला वाटतं तो फिरतोय. या संशोधनाला १९१४ सालचं नोबेल मिळालं. बातमी पोचली तेव्हा बारानी रशियात युद्धकैदी होते.

आता चला खोपोलीला. २०१३ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत हे पार्क सुरू झालं, आणि तिथल्या ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरची उंची आहे सुमारे ४० मीटर. पायाखाली तळ नाही, पाय अधांतरी लोंबतात, आणि वाटेत पाच ठिकाणी माणूस उलटा होतो. पण खरं आश्चर्य वेगळंच आहे. त्या गाडीला इंजिन नाही! साखळी तिला एकदा माथ्यावर ओढून नेते आणि सोडून देते. पुढचा सगळा थरार चढताना जमवलेल्या उंचीवर चालतो. ४० मीटर खाली येताना किती वेग मिळेल? अकरावीचं सूत्र: दोन गुणिले गुरुत्व गुणिले उंची, आणि त्याचं वर्गमूळ. येतात सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी साधारण १०० किलोमीटर. पेट्रोलचा एक थेंब न जाळता!

मग येतो उलटा फेरा. नीट निरखून बघा, तो गोल नसतो. खाली रुंद आणि वर आवळलेला, पाण्याच्या थेंबासारखा असतो. का बरं? कारण गोल फेरा माणसाची मान मोडेल. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप’ नावाचा जवळपास गोल फेरा बांधला होता. गणित सांगतं, की घर्षण सोडून दिलं आणि माथ्यावर गाडी जेमतेम टिकेल एवढाच वेग ठेवला, तरी गोल फेऱ्याच्या तळाशी शरीराला आपल्या वजनाच्या सहापट भार सोसावा लागतो. साठ किलोच्या माणसाला क्षणभर तीनशे साठ किलोचं ओझं! माना अवघडायच्या. उलटे फेरे मागे पडले.

सुटका झाली १९७६ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कात ‘रिव्होल्यूशन’ उभी राहिली, ती जर्मन अभियंता वेर्नर स्टेंगेल यांच्या आकड्यांवर. त्यांनी तळाशी वळण ऐसपैस ठेवलं, कारण तिथे वेग जास्त, आणि माथ्यावर आवळलं, कारण तिथे वेग कमी. हळूहळू आवळत जाणारं हे वळण नवं नव्हतंच. रेल्वेचे आणि महामार्गांचे अभियंते सरळ रस्त्यावरून वळणात शिरताना तेच वापरत आले होते. आम्ही खोपोलीला जाताना घाटात ज्या वळणांवरून गेलो, त्यांच्याच नात्यातलं वळण पार्कात उभं करून ठेवलेलं!

पण भाच्याचा प्रश्न नायट्रोबद्दल नव्हता. नायट्रोत माणूस खरोखर पडतो, खरोखर उलटा होतो. त्यात कोडं नाही. त्याला कोडं पडलं ‘मिस्टर इंडिया’त. त्या नावाच्या सिनेमावरची ती राइड आहे. समोर भला मोठा पडदा, आपण खुर्चीत पट्टा बांधून. पडद्यावर पाठलाग सुरू झाला आणि आम्ही सगळे किंचाळत दरीत कोसळलो, वर उसळलो, भिंती चुकवल्या. भाचा घाबरला आणि त्याने डोळे गच्च मिटले. बाहेर आल्यावर माझा हात ओढत म्हणाला, “मामा, डोळे मिटले की कायच होत न्हाई! खुर्ची नुसती डुगडुगती. मग आपून दरीत पडलो कसं?”

केवढा मोठा प्रयोग केला पोराने! पापणी उघडी असताना दरी, मिटली की डुगडुगणारी खुर्ची. याचं उत्तर त्या दगडांत आहे.

पडद्यावरचं यान पुढे झेपावतं त्या क्षणी खुर्ची हळूच मागे कलते. दगड मागे सरकतात. मेंदूपुढे दोन अर्थ असतात: मी मागे कललोय, किंवा मी वेगाने पुढे निघालोय. दगडांना फरक कळत नाही, मग निवाडा कोण करणार? डोळे. आणि डोळ्यांसमोर तर सगळं जग मागे पळतंय! मेंदू निकाल देतो: आपण सुसाट सुटलोय. खुर्ची ३० अंश मागे कलली तर पाठीवर गुरुत्वाच्या निम्मा जोर येतो. सहा सेकंदांच्या आत ताशी १०० किलोमीटर गाठणाऱ्या गाडीत बसलं की येतो, तेवढा. आणि खुर्ची मात्र होती तिथेच.

पण मागे कललेली खुर्ची पुढच्या झटक्यासाठी सरळ व्हायला हवी ना? ती होते, तुमच्या नकळत. कानातल्या नळ्यांना फार संथ फिरणं कळतच नाही. सेकंदाला दोन-तीन अंशांपेक्षा सावकाश कललं तर मेंदूला पत्ता लागत नाही. म्हणून यंत्र झटका देतं जोरात, पण कलतं आणि परत येतं चोरपावलांनी. वैमानिकांना जमिनीवरच विमान शिकवणारी यंत्रं याच युक्तीने चालतात. सहा पायांवर तोललेला त्यांचा चौथरा तर मुळात विमानांसाठी नव्हताच. एरिक गॉफ या अभियंत्याने तसं यंत्र १९५० च्या दशकात टायर तपासायला बांधलं होतं. टायरची चाचणी, मग वैमानिकांची शाळा, मग करमणूक! डिस्नेलँडने वैमानिकांच्या यंत्रांचं तंत्र वापरून ‘स्टार टूर्स’ सुरू केली १९८७ साली. आपल्याकडे ‘मिस्टर इंडिया’ सिनेमा आला, तेच वर्ष.

आता शेवटची पायरी. खुर्चीसुद्धा काढून टाकली तर? मग उरतो व्हिडिओ गेम.

परतीच्या गाडीत हाच भाचा मोबाइलवर गाड्यांची शर्यत खेळत होता आणि प्रत्येक वळणाला खांदा झुकवून माझ्या अंगावर कलत होता. तळहाताएवढ्या काचेने त्याला वळणावर ओढलं कसं? स्टेशनवर शेजारची गाडी सुटली आणि आपलीच सुटली असं वाटलं, हा अनुभव प्रत्येकाला असतो. डोळ्यांपुढचं जग एका दिशेला सरकलं की मेंदू समजतो आपण उलट दिशेला निघालो. गेम नेमकं हेच करतो, आणि तेही किती घाईने! चांगला गेम सेकंदाला ६० चित्रं काढतो. पूर्ण एचडी पडद्याच्या एका चित्रात वीस लाखांहून जास्त ठिपके असतात. म्हणजे सेकंदाला बारा कोटींवर ठिपके रंगवायचे. त्यातलं एकही चित्र आधी काढून ठेवलेलं नसतं, कारण भाचा पुढच्या क्षणी डावीकडे वळेल की उजवीकडे, ते त्यालाच माहीत नसतं!

कधी कधी इथेही साक्षीदारांचं भांडण लागतं. डोळे म्हणतात पळतोय, दगड म्हणतात बसलोय, आणि माणसाला मळमळतं. पण मळमळच का? नुसतं डोकं का दुखू नये? मानसशास्त्रज्ञ मिशेल ट्रीझमन यांनी १९७७ साली एक विलक्षण तर्क मांडला. रानात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांचे डोळे आणि कान एकमेकांशी जुळेनासे कधी व्हायचे? एखादं विषारी फळ पोटात गेलं तर. म्हणून शरीराने जुना नियम धरून ठेवला असावा: साक्षी जुळत नाहीत, तर पोटातलं बाहेर काढ. ज्यांच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा दोन्ही बाजूंनी निकामी झालेली असते, त्यांना गाडी लागत नाही. भांडायला दुसरा साक्षीदारच नसतो!

आणि डोळ्यांना फसवण्याचा हा खेळ पूर्वी किती थोडक्या जागेत जमवला जायचा! टीव्हीला जोडायचे ते जुने व्हिडिओ गेम आठवा. ‘९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट यायची आणि तेच मूठभर गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा निघायचे. चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची. उपयोग फुंकरीचा नव्हता. काढून पुन्हा बसवल्याने आतल्या पट्ट्या नव्याने जुळायच्या, एवढंच. श्वासातल्या ओलाव्याने उलट पट्ट्या खराबच व्हायच्या. पण त्या कॅसेटमधला १९८५ चा मारिओ बघा. अख्खा खेळ ४० किलोबाइटचा. आज मोबाइलने काढलेल्या ३ एमबीच्या एका फोटोत तसे ७५ मारिओ मावतील! जागा वाचवायला आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप यांना एकच चित्र वापरलंय. पांढरं केलं की ढग, हिरवं केलं की झुडूप. लाखो मुलांनी ते रोज पाहिलं आणि फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता मला मनापासून एक तक्रार मांडायची आहे. कान, डोळे, मेंदू, भौतिकशास्त्र आणि चित्रकला ज्या एका जागी एकत्र येतात, त्या व्हिडिओ गेमबद्दल आपली वर्तमानपत्रं आणि वाहिन्या आपल्याला काय सांगतात? बंदी आली, व्यसन लागलं, पैसे बुडाले. २०२० च्या सप्टेंबरात पब्जीवर बंदी आली ही बातमी प्रत्येक गावात पोचली. बातमी द्यायलाच हवी होती. व्यसनाचं दुःखही खोटं नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये खेळण्याच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलं, तेव्हा त्याची अट काय होती? खेळण्यावर ताबा उरत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारणपणे वर्षभर चालतं. एवढी काळजीपूर्वक आखलेली व्याख्या पालकांपर्यंत येईस्तोवर ‘गेम म्हणजे रोग’ एवढीच उरते. पैसे लावून खेळायची रमी आणि मारिओ हे दोन्ही ‘गेमिंग’ या एकाच मथळ्याखाली छापले जातात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैशांचे खेळ वेगळे काढले आणि ई-स्पोर्ट्स वेगळे. कायद्याने जो फरक केला, तो मथळ्यांनीही करावा.

जी माध्यमं गेमवर प्रेम करतात, त्यांच्याकडून तरी कुतूहल भागतं का? तिथे दहापैकी गुण मिळतात, ग्राफिक्स झकास म्हटलं जातं, कोणत्या किमतीच्या फोनवर चालेल ते कळतं. चालतं कसं, ते कुणी सांगत नाही. सिनेमा आला की आपल्याला दिग्दर्शक, संगीतकार, छायाचित्रकार सगळे नावानिशी माहीत असतात. गेम घडवणाऱ्या किती माणसांची नावं आपल्याला येतात? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा गेम केला. भावाला शोधायला निघालेली मुलगी, पहाडी चित्रशैलीवरून रंगवलेलं जग, मधली कथा सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठीच्या नामांकनात तो होता. पुण्यात घडलेली ही गोष्ट लातूरच्या किती पोरांना ठाऊक आहे?

आणि लातूरच्या पोरांना ती ठाऊक असायलाच हवी, कारण निम्मी तयारी त्यांची आधीच झालेली आहे. लातूर पॅटर्नमध्ये जी मुलं पहाटे उठून गुरुत्वाची गणितं सोडवतात, त्यांच्या वहीत नायट्रोचा वेग लिहिलेला आहे. मारिओची उडीही त्याच वहीतली, फक्त त्यात एक सुंदर लबाडी आहे. बटण दाबून ठेवलं तर मारिओ वर चढताना गुरुत्व कमी असतं आणि खाली येताना जास्त. खऱ्या गुरुत्वाने उडवला असता तर तो हातात बसला नसता, तरंगत राहिल्यासारखा वाटला असता. आजच्या कित्येक गेममध्ये तर कड्यावरून पाय सुटल्यावरही काही क्षण उडी मारू दिली जाते, कारण खेळणाऱ्याचं बोट किंचित उशिरा पोचतं, हे बनवणाऱ्याला माहीत असतं.

विचार करा, याचा अर्थ काय होतो! नायट्रोच्या अभियंत्याला पृथ्वीचं गुरुत्व आहे तसं घ्यावं लागतं. गेममध्ये मात्र गुरुत्व हा कुणीतरी टाइप केलेला एक आकडा आहे. स्क्रॅचसारखी प्रोग्रॅमिंगची फुकट साधनं वापरून आठवीतलं पोरही तो आकडा बदलू शकतं. ९.८ च्या जागी १.६ लिहायचं, की त्याच जोराने मारलेली उडी सहापट उंच जाते आणि आपण चंद्रावर. गेमवरच्या बातमीखाली एवढी एक ओळ रोज छापून आली, तरी “आपून दरीत पडलो कसं?” असं विचारणारी पोरं उद्या दरी स्वतः बांधतील.